एक सिलिंडर, पाच हॉर्सपॉवर

मुंबईतल्या माहुलच्या खाडीत भरतीचं पाणी चिखलावर चढलं की होड्या हलायला लागतात आणि एकेक इंजिन जागं होतं. किनाऱ्यामागे दोन अवाढव्य तेलशुद्धीकरण कारखाने उभे आहेत. स्टॅनव्हॅकचा १९५४ साली सुरू झाला, बर्मा-शेलचा १९५५ साली. आज त्यांना आपण हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम म्हणून ओळखतो. त्या टाक्या, चिमण्या आणि नळांच्या जंगलासमोर कोळ्याच्या होडीतलं इंजिन म्हणजे लोखंडाचा एक ठोकळा. या लेखाचा विषय तो ठोकळाच आहे. महाराष्ट्रातली मोट त्याने थांबवली, गावची चक्की त्याने फिरवली, उसाचा चरक आणि भुईमुगाची शेंग फोडायचं यंत्र त्याने ओढलं, होडीला वारा आणि वल्ह्यांच्या हाती राहू दिलं नाही. एवढं करून आज त्याची किंमत भंगाराच्या काट्यावर किलोने ठरते. हे मला मान्य नाही.

अमेरिकेत आणि इंग्लंडात जुनी छोटी इंजिनं आणि बागेतले छोटे ट्रॅक्टर जपणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९६१ साली ‘कब कॅडेट’ नावाचा बागेचा ट्रॅक्टर काढला. त्या काळचे नग आजही खोलून, घासूनपुसून चालवले जातात आणि त्यांच्यासाठी जत्रा भरतात. हीच कंपनी दोन वर्षांनी मुंबईच्या उपनगरात आली. १९६३ मध्ये महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर तिने ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ स्थापन केली आणि कांदिवलीत बी-२७५ ट्रॅक्टर तयार होऊ लागला. आपल्याकडे मात्र हिरवळ कापायला ट्रॅक्टर लागत नव्हता आणि दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याला मोठा ट्रॅक्टर परवडत नव्हता. म्हणून इथलं खरं छोटं यंत्र चाकांवर आलंच नाही. ते विहिरीच्या काठावर, सिमेंटच्या कट्ट्यावर, चार बोल्टांनी जखडून बसलं. कोकणातल्या भातखाचरांत पॉवर टिलर उतरला तो नंतर, आणि त्याच्या पोटातही असंच एका सिलिंडरचं इंजिन होतं.

या इंजिनाचं मराठी घराणं कृष्णेच्या खोऱ्यातलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि तो नांगर खपायला दोन वर्षं लागली. १९१० साली औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर, चरक, हातपंप, शेंगा फोडायचं यंत्र असं एकेक तिथून निघत गेलं. या यंत्रांना फिरवणारं काहीतरी हवं होतं आणि ते माणसाच्या किंवा बैलाच्या खांद्यापेक्षा दमदार हवं होतं. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ उभी राहिली. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२६ साली अमेरिकेतल्या एमआयटीतून पदवी घेऊन परतले होते. ही त्यांची कंपनी.

साताऱ्याचे धनजीशहा कूपर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. हे पारशी गृहस्थ १९३७ मध्ये सुमारे साडेतीन महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, एवढं इतिहासाच्या पुस्तकात सापडतं. डिझेल इंजिन बनवणाऱ्या देशातल्या अगदी सुरुवातीच्या कारखान्यांमध्ये त्यांचा कारखाना होता, ही गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. सातारा रोडचा तो कारखाना पुढे वालचंद समूहाकडे गेला. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या ओतशाळांनीही ऊस भिजवण्यासाठी ऑइल इंजिनं बनवली. पश्चिम महाराष्ट्राची साखर ज्या पाण्यावर पिकली, त्यातलं बरंचसं अशा इंजिनांनी उपसलेलं होतं.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते किर्लोस्करचं ‘एव्ही-१’. सिलिंडरचा व्यास ८० मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर, म्हणजे आकारमान ५५३ घनसेंटिमीटर. मिनिटाला १५०० फेरे, ताकद पाच हॉर्सपॉवर. इंग्लंडच्या पेटर कंपनीच्या याच नावाच्या इंजिनाची मापंही हीच आहेत आणि ते इंजिन युरोपातल्या प्रयोगशाळांत वंगणतेलाची परीक्षा घ्यायला वापरलं जाई. आपल्याकडेही अभियांत्रिकी महाविद्यालयांत करंजाचं, जट्रोफाचं तेल जाळून पाहायचं ठरलं की बहुतेक वेळा एव्ही-१ किंवा त्याचं थोरलं भावंड टीव्ही-१ बाकावर चढतं. विहिरीवरचं इंजिन आणि संशोधनातलं इंजिन एकच असावं, याचं कारण त्याच्या साधेपणात आहे. त्यात लपवलेलं काही नाही.

बघा ना, आत काय घडतं ते. पिस्टन खाली जाताना हवा आत ओढतो, वर येताना तिला मूळ जागेच्या सुमारे साडेसोळाव्या हिश्शात दाबतो. एवढ्या दाबाने हवा पाचशे अंशांच्या वर तापते. नेमक्या त्या क्षणी नॉझलमधून, सुमारे दोनशे बार दाबाने, डिझेलचा फवारा येतो आणि ठिणगीवाचून पेटतो. पिस्टन खाली फेकला जातो, पुन्हा वर येऊन धूर बाहेर ढकलतो. दोन फेऱ्यांत एक स्फोट. १५०० फेऱ्यांवर सेकंदाला साडेबारा स्फोट होतात, म्हणून एव्ही-१चा आवाज सलग घुमतो. इंग्लंडच्या डर्सली गावातली लिस्टर कंपनी १९३०च्या सुमारापासून जे संथ इंजिन बनवत आली, ते मिनिटाला ६५० फेरेच घेई. तिथे सेकंदाला पाच-साडेपाच स्फोट, आणि प्रत्येक ठोका कानाला वेगळा लागतो. गावच्या चक्कीची फुकफुक ज्यांच्या लहानपणात आहे, त्यांनी हे संथ घराणं ऐकलेलं आहे. राजकोटच्या कारखानदारांनी लिस्टरच्या नकला इतक्या चोख बनवल्या की मूळ कंपनीने उत्पादन थांबवल्यावरही त्या निघत राहिल्या. अमेरिकेतले हौशी लोक त्या समुद्रापलीकडून मागवत, तिथले धुराचे नियम आड येईपर्यंत.

हे इंजिन सुरू करायला बॅटरी लागत नाही. लागतं ते हँडल, आणि हँडल मारायची रीत. डिकंप्रेशनचा खटका उचलायचा, म्हणजे झडप उघडी राहते आणि पिस्टनला हवा दाबावी लागत नाही. मग दोन्ही पाय रोवून जड फ्लायव्हीलला गती द्यायची. वेग पुरेसा आला की खटका सोडायचा. आता पिस्टनला दाबाचा डोंगर चढवायचं काम हात करत नाही, फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती करते. अंगठा मात्र बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा दांड्याला विळखा घालायचा नाही. इंजिन उलटं फिरलं तर हँडल झटका देतं आणि विळखा घातलेला अंगठा मोडतो. कोळीवाड्यात आणि मळ्यात ही गोष्ट मुलाला कोणी पुस्तकातून शिकवत नाही. शेजारी उभा असलेला काका हातावर चापट मारून शिकवतो.

मळ्यातलं इंजिन आणि होडीतलं इंजिन यांचं म्हातारपण वेगळं असतं. मळ्यातलं वाट बघत गंजतं. गावात वीज आली, मोटर बसली, इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात गेलं. भारनियमनाच्या वर्षांत कित्येकांनी ते पुन्हा बाहेर काढलं आणि मग पुन्हा विसरले. होडीतलं इंजिन मात्र काम करता करता झिजतं आणि त्याचा खरा वैरी खारं पाणी. जिथे खाडीचंच पाणी थंड करण्यासाठी आत खेळवलेलं असतं, तिथे सिलिंडरभोवतीच्या पोकळीत मीठ आणि गंजाचे थर धरतात, वाट अरुंद होते आणि इंजिन तापू लागतं. माहुल-शिवडीच्या उथळ पाण्यात गाळही सोबतीला येतो. म्हणून होडीतलं इंजिन विकत घेताना मी आधी ही पोकळी बघेन, रंग नंतर.

जुनं इंजिन मुंबईत शोधायचं तर मुलूख ठरलेला आहे. शिवडीच्या दक्षिणेला दारूखान्यात जहाजं मोडली जातात आणि मोडलेल्या जहाजांमधलं सामान तिथल्या बाजारात येतं. कुर्ल्याच्या भंगारात गाड्यांचे आणि इंजिनांचे भाग, नागदेवी स्ट्रीटवर बेअरिंग, पट्टे, ऑइलसील. या तिन्हींचा फेरा एका दिवसात होतो. सापडलेल्या इंजिनावरची पाटी आधी बघावी. क्रमांक, हॉर्सपॉवर, फेरे हे सगळं तिच्यावर असतं. पाटी हरवली की इंजिन चालू शकतं, पण त्याचा जन्म हरवतो. विकणारे पितळेच्या मोहाने ती पहिली काढतात.

जाम झालेल्या इंजिनाला हँडल लावून जोर करणं हा सर्वांत मोठा अन्याय. नॉझल काढायचा, त्या भोकातून डिझेल आणि रॉकेल मिसळून सोडायचं आणि थांबायचं. कधी आठवडा, कधी महिना. मग हेड उतरवून पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके. लोखंडी हातोडा थेट लावला तर पिस्टन गेलाच. लायनर झिजलेला असेल तर बदलता येतो. एव्ही-१मध्ये तो वेगळा बसवलेला, बाहेरून पाण्याने वेढलेला असतो. झडपा ग्राइंडिंग पेस्टने आपापल्या जागेवर घासून बसवायच्या, इतक्या की रॉकेल ओतलं तरी थेंब गळू नये. नॉझल पंपावर लावून फवारा बघायचा: धुक्यासारखा आला आणि नॉझल करकरला तर चांगला, धार आली तर वाया. पंप आणि नॉझल बहुधा ‘मायको’चे असतात, बेंगळुरूच्या या कंपनीचं नाव मिस्त्री लोकांच्या तोंडी इतकं बसलं आहे की दुसऱ्या कंपनीचा पंपही ‘मायको पंप’च म्हणवला जातो. शेवटी डिझेलच्या नळीतली हवा काढायची. नट सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हाताने पंप करायचा. निम्मी ‘बिघडलेली’ इंजिनं या एका कामाने सुरू होतात, हे मिस्त्री लोक सांगत नाहीत आणि त्यांना मी दोषही देत नाही.

बऱ्याच वर्षांनी इंजिन पहिल्यांदा सुरू करताना हवा आत जाण्याच्या तोंडाजवळ एक जाड फळी तयार ठेवावी. पंपाची पट्टी अडकली किंवा इंजिन स्वतःचंच वंगणतेल प्यायला लागलं तर त्याचे फेरे बेफाम वाढतात आणि तेव्हा डिझेल बंद करून ते थांबेलच असं नाही. हवा तोडली की थांबतं. फळी वापरायची; हात नाही, फडकं नाही. फ्लायव्हीलच्या समोर कोणी उभं राहायचं नाही. एवढी काळजी घेतली तर त्या पहिल्या ठोक्याचा आनंद शुद्ध असतो. काळा धूर येतो, मग राखाडी, मग दिसेनासा होतो, आणि गव्हर्नर इंजिनाला त्याच्या ठरलेल्या चालीवर आणून बसवतो.

धुराबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे, आणि माहुलमध्ये तर नक्कीच. इथल्या हवेसाठी लोकांनी हरित लवादापुढे आणि उच्च न्यायालयात दाद मागितली आहे. इथे पुनर्वसनाला पाठवलेल्या कुटुंबांनी आजारपणं काढली आहेत. अशा जागी जुनं इंजिन रोज तासन्‌तास चालवावं असं मी म्हणणार नाही. पण नीट बसवलेल्या झडपा, ताजा नॉझल आणि बरोबर वेळेला येणारा फवारा असेल तर तेच इंजिन निम्माही धूर टाकत नाही. दुरुस्ती ही इथे हवेचीही सेवा आहे. जपण्यासाठी ठेवलेलं इंजिन महिन्यातून थोडा वेळ, थोड्या भारावर चालवलं की पुरतं. अजिबात न चालवता रंगवून काचेमागे ठेवलं तर रिंगा चिकटतात, ऑइलसील सुकतात आणि उरतो फक्त पुतळा.

महाराष्ट्रात १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्या दोन महिन्यांत होड्या ओढून घेतल्या जातात, जाळी विणली जातात आणि इंजिनं खोलली जातात. नारळी पौर्णिमेच्या आधी ती परत बसतात. माझी मागणी या दोन महिन्यांपुरतीच आहे. राज्यभरातल्या आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो. तिथल्या मुलांना पावसाळ्यात माहुलसारख्या कोळीवाड्यांत पाठवा. त्यांनी प्रत्येक उघड्या इंजिनाची पाटी टिपावी, लायनरचं माप घ्यावं, कुठला भाग मूळचा आणि कुठला कोल्हापूरच्या किंवा राजकोटच्या ओतकामाचा हे लिहावं, आणि हँडल कसं मारायचं ते म्हाताऱ्या तांडेलाकडून शिकावं. जी इंजिनं मालकाला नकोशी झाली आहेत ती भंगाराच्या भावाने विकत घेऊन संस्थेच्याच शेडमध्ये चालती ठेवावीत. एका सिलिंडरच्या इंजिनाला जागा लागते एका टेबलाएवढी, आणि ते जमिनीला घट्ट धरून ठेवायला चार बोल्ट.