बेरीज जमत नाही तेथे तपमान कोणते?



आजाऱ्याच्या काखेत आपण तापमापक लावतो. पारा चढतो, थांबतो. तो आकडा खरे पाहता नळीतल्या पाऱ्याचा. आपण तो आजाऱ्याचा म्हणून वाचतो. हा विश्वास उष्णताशास्त्राच्या शून्याव्या नियमावर उभा आहे: दोन वस्तू प्रत्येकी तिसरीशी औष्णिक समतोलात असतील, तर त्या आपसांतही समतोलात असतात.

या नियमाच्या पोटात एक बेरीज दडलेली आहे. वस्तूतील कण किती तऱ्हांनी मांडता येतील, त्या संख्येच्या लॉगरिथमवरून बोल्ट्झमन यांची एन्ट्रॉपी मोजतात. दोन वस्तू शेजारी ठेवल्या की मांडण्यांचा गुणाकार होतो, म्हणून एन्ट्रॉपींची बेरीज होते. ऊर्जेचीही बेरीजच. ऊर्जेच्या देवघेवीने एकूण एन्ट्रॉपी आणखी वाढेनाशी झाली की समतोल आला. तेव्हा दोहोंत जी राशी सारखी असते ती तपमान.

पण बेरीज सर्वत्र जमत नाही. वायूच्या रेणूचा संबंध जवळच्या रेणूंशीच. ताऱ्यांच्या पुंजात मात्र प्रत्येक तारा दुसऱ्या प्रत्येकाला ओढतो. (दोन युनियनांचे एकीकरण ज्यांनी केले आहे त्यांना हे सांगायला नको. सभासदांची बेरीज होते, बळाची होत नाही.) असा पुंज ऊर्जा गमावतो तेव्हा आकसतो, ताऱ्यांचे वेग वाढतात, म्हणजे तो उलट तापतो! १९६८ मध्ये लिंडेन-बेल व वुड यांनी दाखविले की त्याचा गाभा समतोलाकडे न जाता अधिकाधिक तापत जाऊ शकतो.

१९८८ मध्ये ब्राझीलमधील त्सालिस यांनी वेगळी एन्ट्रॉपी सुचविली. तिच्यात ‘क्यू’ ही एक संख्या आहे. क्यू म्हणजे एक धरला की जुने सूत्र परत मिळते. एरव्ही दोन एन्ट्रॉपींच्या बेरजेत त्यांच्या गुणाकाराचे एक पद वाढते. मग समतोलात सारखे काय राहते? २००१ मध्ये आबे प्रभृतींनी तोडगा काढला: तपमानाला एन्ट्रॉपीवर अवलंबून असणारा एक गुणक लावावा. हिशेब जुळतो, पण दोहोंचा क्यू एकच हवा आणि ऊर्जेची बेरीज शाबूत हवी. ज्या बेरजेपायी हा सारा खटाटोप, तीच पुन्हा गृहीत!

२००३ मध्ये कॅलिफोर्नियातील नॉएनबर्ग यांनी येथेच बोट ठेवले. तापमापक साध्या पदार्थाचा, त्याचा क्यू एक. समोरच्या वस्तूचा निराळा. मग समतोल ठरवावा कसा? त्सालिस यांनी पुढल्याच वर्षी उत्तर दिले, पण वाद मिटला नाही. मला स्वतःला नॉएनबर्ग यांचा आक्षेप वजनदार वाटतो. नवे सूत्र कागदावर कितीही देखणे असो, त्यातले तपमान कोणत्या नळीत वाचावयाचे हे आधी सांगावयास हवे.