पाटा वाढवला, चाक मात्र हवेत

भिवंडी-कल्याण रस्त्यावर टेमघर सोडले की पुढे राजणोली नाका, तिथे आडवा जाणारा मुंबई-नाशिक महामार्ग आणि आजूबाजूला नजर जाईल तिथवर गोदामे. मालाच्या ट्रकांचा एवढा राबता असला की कमानपाट्याची (लीफ स्प्रिंगची) कामेही ओघाने आलीच. ट्रक मागून बसला की उपाय ठरलेला असतो: एक पाटा वाढवा. रोज टनावारी माल वाहणाऱ्या गाडीला हा उपाय लागूही पडतो. घोटाळा होतो तो जुन्या फोर बाय फोर जीपला तोच उपाय केला की.

पावसाळ्यात शहापूर-वाड्याच्या बाजूला कच्च्या वाटेने गेले की गाडीची परीक्षा सुरू होते. शेताचे बांध, ओढ्यातले काळ्या खडकाचे गोटे, ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या. गाडीचे पोट घासते आणि मालक गॅरेजात येऊन सांगतो, ‘मागून दोन इंच उचला.’ पण नेमके काय उचलायचे, हे त्याने सांगितलेले नसते.

जुन्या जीपच्या मागच्या बाजूला दोन वेगळ्या उंच्या असतात. एक चासीची, म्हणजे पोटाची. दुसरी अॅक्सलच्या मधोमध लोंबणाऱ्या डिफरन्शियलची. दोन्ही चाके एकाच भक्कम अॅक्सलला जोडलेली असल्याने पाटे कितीही उंच केले तरी डिफरन्शियल तसूभरही वर जात नाही. ते फक्त टायरच्या त्रिज्येवर ठरते. मारुती जिप्सीचा मूळ 205/70 आर 15 टायर सुमारे 668 मिमी व्यासाचा. त्याजागी 235/75 आर 15 घातला तर व्यास सुमारे 733 मिमी होतो, आणि डिफरन्शियल त्या फरकाच्या निम्म्याने, म्हणजे जेमतेम 33 मिमी वर जाते. शिवाय स्पीडोमीटर प्रत्यक्षापेक्षा कमी वेग दाखवू लागतो आणि चढावर इंजिनावर ताण येतो.

मग पाटे उंच करून मिळते काय? एक तर मोठ्या टायरला मडगार्डखाली जागा मिळते. दुसरे म्हणजे बांध ओलांडताना पोट टेकत नाही. जिप्सीच्या दोन अॅक्सलमधले अंतर 2375 मिमी आहे. पोट मध्यभागी 200 मिमी उंच धरले, तर गाडी ढोबळमानाने 19 अंशांचा उंचवटा न घासता ओलांडते. 250 मिमी धरले तर सुमारे 24 अंशांचा. पन्नास मिलिमीटरमागे पाच अंश, ही कमाई काही लहान नाही.

पाट्याचा हिशेब

ही उंची मिळवायची कशी, यावर सगळे अवलंबून आहे. महिंद्रने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीस जीप जोडायला सुरुवात केली. या जीपचा लष्करी पूर्वज कागदोपत्री ‘पाव टनी ट्रक’ होता. मागचे पाटे माल, माणसे आणि ट्रेलर ओढण्याच्या हिशेबाने बसवलेले. 1985 मध्ये आलेल्या जिप्सीलाही चारही चाकांना पाटेच होते. अशा गाडीत दोघेच बसले की मागचे पाटे आधीच गरजेपेक्षा ताठ असतात.

त्यात पाटा वाढवला की काय होते? वही वाकवली की तिची पाने एकमेकांवरून सरकतात, तसेच पाटे सरकतात, आणि त्यांचा एकत्रित ताठपणा पाट्यांच्या संख्येच्या प्रमाणात वाढतो. सारख्या जाडीच्या पाचांचे सहा केले की ताठपणा 20 टक्क्यांनी वाढतो. जाडीचा परिणाम तर घनाच्या प्रमाणात होतो: 6 मिमीऐवजी 8 मिमीचा पाटा जवळजवळ 2.4 पट ताठ. गाडी उंच दिसते खरी, पण एक चाक गोट्यावर चढले की दुसऱ्या बाजूचा पाटा पुरेसा सैल होऊन चाक खाली सोडत नाही. चाक अधांतरी राहते. साध्या डिफरन्शियलमध्ये दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) मिळतो. हवेतल्या चाकाला फिरायला पीळ जवळजवळ लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तो मिळत नाही. एक चाक भिरभिरते, गाडी जागची हलत नाही.

म्हणून संख्या वाढवण्याआधी आहे त्या पाट्यांची कमान परत आणणे बरे. तेही नीट व्हायला हवे. पाट्याचे पोलाद भट्टीत तापवून तेलात विझवलेले आणि पुन्हा मंद तापवून चिवट केलेले असते. नुसते थंडपणी ठोकून दिलेली कमान काही महिन्यांत बसते. गॅसच्या ज्योतीने तापवून वाकवलेला पाटा त्या जागी मऊ पडतो किंवा तडकतो. खोलून पुन्हा बसवताना यू-बोल्टही नवेच घालावेत, कारण एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तेवढी पकड देत नाही.

पाट्याचे टोक चासीला टांगणारे शॅकल लांब करणे हा स्वस्त मार्ग. पण शॅकल दोन इंच वाढवले तर अॅक्सलपाशी सुमारे एकच इंच मिळतो आणि डिफरन्शियलला शाफ्ट जोडणाऱ्या पिनियनचे तोंड फिरते. अॅक्सल आणि पाट्यामध्ये ठोकळा घातला तर उंची पुरी मिळते. मात्र जोरात चढ घेताना अॅक्सल पाट्याला इंग्रजी ‘एस’सारखा पिळतो. पुढच्या चाकांना तर ठोकळा लावूच नये, कारण ब्रेकचा मोठा भार तिथेच येतो. अॅक्सलखालचे पाटे वर बसवले, तर पाट्यांची थप्पी आणि अॅक्सलची नळी मिळून चार-पाच इंच एकदम मिळतात. पिळणेही तितकेच वाढते.

हूक दोन्हीकडे

पाट्यामागे आणि शाफ्टच्या सांध्यामागे एकच नाव आहे. स्प्रिंग किती ताणते आणि त्याला किती बल लागते, यांचे प्रमाण इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकने 1678 मध्ये मांडले. स्प्रिंगचे सारे गणित त्यावर उभे आहे. त्याआधी 1676 मध्ये त्यानेच एका सांध्याचे वर्णन छापले होते, जो आज ‘क्रॉस’ म्हणून प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना बसतो. हा सांधा जितका वाकडा, तितका शाफ्टचा वेग एका फेरीत दोनदा कमी-जास्त होतो. वाकडेपणा 20 अंश असेल तर चढउतार सुमारे 6 टक्के. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की चढउतार एकमेकांना खोडतात. नसले की गाडी थरथरते आणि क्रॉस लवकर जातात. जुन्या जीपचा मागचा शाफ्ट आखूड. 600 मिमीच्या शाफ्टला 50 मिमी उचल म्हणजे जवळपास पाच अंशांची भर, आणि 125 मिमी म्हणजे बारा. तेव्हा पाचर घालून पिनियनचा कोन सुधारावा लागतो, कधी शाफ्टच बदलावा लागतो.

शॉक अॅब्सॉर्बर आणि ब्रेकची होजही पाहावी लागते; चाक पूर्ण लोंबल्यावर ती ताणली तर उतारावर ब्रेकच जाईल. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. शिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम 52 नोंदणीतल्या तपशिलांत आणि कंपनीच्या मूळ रचनेत फरक पडेल असा बदल करू देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ठणकावून सांगितले आहे.

म्हणून गॅरेजात जाण्याआधी मालकाने स्वतः एक करून पाहावे. मोकळ्या सपाट जागी मागचे एक चाक फूटभर उंचवट्यावर चढवावे आणि दुसऱ्या बाजूचे चाक जमिनीला चिकटून राहते का ते पाहावे. राहत असेल तर पाट्यांना हात न लावता टायरचा विचार करावा. उचलले जात असेल तर पाटा वाढवू नये. मेकॅनिकला उलट विचारावे, यातला एखादा काढता येईल का.