खडी फोडून की खात्यात?

गरिबाला मदत करावी, यावर सहसा वाद नसतो. वाद असतो तो कशाच्या बदल्यात, यावर. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२च्या दुष्काळात लाखोंच्या कामी आली. तिचा कायदा १९७७ साली झाला, १९७९पासून लागू झाला. मागेल त्याला काम, कामाला मजुरी. समाजवाद्यांना त्यात कामाचा हक्क दिसला. फुकट काही देऊ नये म्हणणाऱ्यांना वाटले, गरज नसलेला माणूस उन्हात खडी फोडायला येणारच नाही. चाळणी आपोआप लागते. शहरी नोकरदारांच्या व्यवसाय करातून तिला पैसा मिळे, हेही विशेषच. पण म्हातारे, अपंग, आजारी? त्यांनी कुदळ कशी उचलायची?

२०२४च्या ‘लाडकी बहीण’ योजनेत कामाची अट नाही. पात्र महिलेच्या खात्यात थेट दरमहा १५०० रुपये. समर्थक म्हणतात, पैसा कशावर खर्चायचा हे तिला कळते. विरोधक तिजोरीवरचा भार आणि निवडणुकीचा मुहूर्त दाखवतात. मुहूर्ताचा आक्षेप मला रास्त वाटतो. पण त्यावरून बिनशर्त मदतच चुकीची ठरत नाही.