चित्रफितींवरील टिप्पणलेखन : काही विचार

पोथीची पाने वाचक आपल्या सोयीने उलटतो. चित्रफीत तशी चाळता येत नाही. एका तासाची मुलाखत ऐकावयास एक तास लागतोच. म्हणून शेकडो तासांच्या संग्रहात विवक्षित जागी पोहोचावयाचे, तर कोणीतरी आधी तेथे जाऊन खूण करून ठेवलेली असावी लागते. महाजालावरील दृक्‌श्राव्य संग्रहांत ही खूण म्हणजे टिप्पण होय. आपले विद्यार्थी असे संग्रह वापरू लागले आहेत व त्यांत टिप्पणे लिहिण्याचे कामही त्यांजकडे येऊ लागले आहे. त्या कामात कोणता विवेक बाळगावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

उदाहरणादाखल 'पॅड.मा' हा संग्रह घेऊ. मुंबईतील 'कॅम्प', 'मजलिस' व 'पॉइंट ऑफ व्ह्यू', बंगळूरचे 'आल्टर्नेटिव्ह लॉ फोरम' आणि बर्लिन येथील तंत्रज्ञांचा एक गट यांनी मिळून २००८ साली तो सुरू केला. पूर्ण झालेल्या चित्रपटांपेक्षा चित्रीकरणाचे असंपादित साहित्य जपण्यावर त्याचा भर आहे. चित्रपटांसाठी त्याच प्रणालीवर 'इंडियनसिने.मा' हा भावंड-संग्रह २०१३ साली निघाला.

येथे चित्रफितीखाली एक रंगीत पट्टा दिसतो. प्रत्येक चित्रचौकट आकुंचित करून बारीक उभ्या रेषेत बसविलेली असल्यामुळे संपूर्ण चित्रण एका दृष्टिक्षेपात येते. कॅमेरा स्थिर ठेवून घेतलेली मुलाखत सलग एकसारखी दिसते. दृश्य बदलले की पट्ट्याचा रंग एकदम तुटतो. सरावलेला वाचक नुसत्या पट्ट्यावरून कोठे थांबावे हे ठरवू शकतो. मात्र पट्ट्यात बोलणे दिसत नाही. त्यासाठी शब्दच हवेत.

टिप्पण लिहिणारा प्रथम आरंभाचा व अंताचा असे दोन क्षण निश्चित करतो आणि त्या कालखंडास मजकूर जोडतो. हा मजकूर स्तरांत विभागलेला असतो. उच्चारलेल्या शब्दांचे लिप्यंकन वेगळे, दृश्याचे वर्णन वेगळे, विषयदर्शक शब्द वेगळे, स्थळ वेगळे. नाइमेखेन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेच्या 'इलान' या साधनातही हीच स्तरांची कल्पना असल्यामुळे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास ती नवखी वाटू नये. तथापि दोन क्षण निवडणे हे यांत्रिक काम नव्हे. प्रश्न विचारल्यावर एखादी बाई काही काळ गप्प राहते, मान हलविते आणि मग बोलू लागते. उत्तर कोठून सुरू झाले? पहिल्या शब्दापासून म्हणावे, तर मानेने दिलेला नकार टिप्पणाबाहेर राहतो.

वर्गातील एका सरावात एका विद्यार्थ्याने 'शोकाकुल स्त्री' असे वर्णन लिहिले होते. तीच फीत ध्वनीसह पुन्हा लावली, तेव्हा चुलीच्या धुराने डोळे चुरचुरतात अशी तक्रार ती बाई करीत असल्याचे आढळले! वर्णनात 'पदर डोळ्यांना लावते' एवढेच असते तर बिघडले नसते. शोक हे अनुमान होय. अनुमान लिहू नये असे नव्हे. ते आपल्या नावाने निराळ्या टिप्पणात लिहावे.

लिप्यंकनाचा प्रश्न मला याहून गंभीर वाटतो. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी पुष्कळदा 'य' ऐकू येतो. 'शाळा'चे 'शाया' होते, 'डोळा'चा 'डोया' होतो. बरेच विद्यार्थी, आणि काही अध्यापकही, कानांनी 'शाया' ऐकून हाताने 'शाळा' लिहितात. हेतू चांगलाच असतो. वाचणाऱ्यास समजावे, बोलणाऱ्याचे हसे होऊ नये. परंतु संग्रहातील शोध अक्षरांवर चालतो. या वर्णबदलाचा अभ्यास करणाऱ्यास ती जागा कधीच सापडणार नाही. ध्वनी शाबूत असूनही पुरावा नाहीसा होतो. उलटपक्षी नुसते 'शाया' लिहिले, तर शिक्षणविषयक साहित्य धुंडाळणारा रिकाम्या हाताने परततो. म्हणून लिप्यंकनात ऐकले तसे 'शाया' व विषयदर्शक शब्दांत 'शाळा' अशी दुहेरी नोंद करावी. डॉ. अ. मा. घाटगे यांच्या बोलींच्या पाहणीतील कुडाळीवरचा ग्रंथ १९६५ साली निघाला. तेथे वाचकास छापील लिप्यंकनावरच विसंबावे लागते. चित्रफितीत मूळ ध्वनी शेजारीच असल्यामुळे आपले लिप्यंकन कोणासही तपासता येते, पण ती जागा सापडली तर.

आणखी एक अडचण आपल्या लिपीचीच आहे. 'वऱ्हाडी' या शब्दातील अर्धा र संगणकावर दोन रीतींनी उमटविता येतो : खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त जोडून, अथवा साध्या 'र'नंतर हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. परंतु शोधप्रणालीने त्यांची सांगड घातली नसेल, तर संगणकाच्या लेखी ते दोन निराळे शब्द होत. एका संग्रहावर काम करणाऱ्यांनी आरंभीच एक रीत ठरवून ती चित्रफितीच्या प्रास्ताविक नोंदीत नमूद करावी. मागाहून दुरुस्ती करावयाची म्हणजे प्रत्येक टिप्पणातील मूळ संकेतचिन्हे उघडून पाहावी लागतात, कारण पडद्यावर चूक दिसतच नाही.