सभासदांनो, वारसाची कागदपत्रे हयातीतच करा



कराड काय, वाळवा काय, सगळीकडे तेच. आजोबा जातात, ऊस उभा. पण शेअर आणि ऊसबिल त्यांच्याच नावावर अडकते.

म्हणून शेअरला नॉमिनी लावाच. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ३० प्रमाणे सभासदाच्या पश्चात शेअर त्याच्या नावे होतो. मात्र शेअरचा नॉमिनी म्हणजे जमिनीचा मालक नव्हे.

जमिनीसाठी मृत्युपत्र करावे. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. स्टँप लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते. २००५ च्या दुरुस्तीने त्यात लेकीचा हक्क लेकाइतकाच, लग्न झाले तरी. तेव्हा लेकींनाही विचारात घ्या.

मृत्यूनंतर तीन महिन्यांत गावचावडीत वारसनोंद द्यावी. नॉमिनीचा फॉर्म गट ऑफिसात मिळेल.