ग्रेस पळून का जात नाही?

बी. ए. पॅरिस यांची 'बिहाइंड क्लोज्ड डोअर्स' (२०१६) ही कादंबरी वाचून झाली, की हाच प्रश्न निघतो. नवरा जॅक नावाजलेला वकील, मारझोड सोसलेल्या बायकांचे खटले लढवणारा. घरी मात्र स्वतःचीच बायको कुलपात!

वाचकांत इथे सरळ दोन तट पडतात. काहींना जॅक अगदीच नाटकी वाटतो. तळघरातली ती लालभडक खोली तर जरा जास्तच झाली, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही आहे. रामपायलीसारख्या गावात, चंदन नदीकाठच्या एखाद्या गल्लीत कोणाकडे पाहुणा आला हेही शेजाऱ्यांना कळतं. तिथल्या वाचकाला असं घर पटणं कठीणच.

पण दुसऱ्या तटाला हे घर पटतं; ते का, हे कळायला थायलंडचा प्रसंग पुन्हा वाचावा. ग्रेस हॉटेलवाल्यांकडे मदत मागते, तर जॅकने आधीच ती मनोरुग्ण असल्याचं सांगून ठेवलेलं. पासपोर्ट त्याच्याकडे. शिवाय डाउन सिंड्रोम असलेली धाकटी बहीण मिली, तीच खरी बेडी.

इंग्लंडमध्ये जोडीदारावरची अशी दडपशाही डिसेंबर २०१५ मध्ये गुन्हा ठरली, कादंबरीच्या जेमतेम दोन महिने आधी. भारताच्या २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यातही मानसिक आणि आर्थिक छळ येतो. त्यासाठी अंगावर वळ दिसावे लागत नाहीत.