एडीएचडी आणि डोळ्यांना दिसणारा वेळ

परवा एका सहकाऱ्याने विचारलं, "एडीएचडी लहान मुलांना असतो ना? तुला कसा?"

एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, मोठ्यांनाही असतो. २०१३ च्या डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी वेगळा निकष आहे: अवधानाचा अभाव किंवा अतिचंचलता, कोणत्याही एका गटातली ६ ऐवजी ५ लक्षणं पुरतात. मात्र काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात.

मला सगळ्यात जड जातो तो वेळ. मानसशास्त्रज्ञ रसेल बार्कली याला 'टाइम ब्लाइंडनेस' म्हणतात. माझ्या मेंदूला दोनच वेळा कळतात: आत्ता, आणि आत्ता नाही. शुक्रवारची डेडलाइन सोमवारी खरीच वाटत नाही. हा आळस नाही. "जरा मन लावून कर" म्हटल्याने ही अडचण जातही नाही.

म्हणून वेळ डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. मोबाइलवर वेळ बघायला गेलं की व्हॉट्सॲप उघडतं, त्यामुळे टेबलावर काट्यांचं घड्याळ आणि स्वयंपाकघरातला टायमर.

कामांच्या यादीत "जीएसटी रिटर्न" असं लिहीत नाही. "विक्रीची बिलं एका फोल्डरमध्ये टाक" असं लिहिते. पहिली पायरी इतकी छोटी असली की हात चालतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला बॉडी डबलिंगचा. ताई व्हिडिओ कॉलवर तिचं काम करते, मी माझं. गप्पा नाहीत. कुणीतरी सोबत बसलंय, एवढ्यावर अडलेलं काम सुरू होतं!

औषधांनीही अनेकांना फरक पडतो, पण ती मानसोपचारतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच.

निदान कसं होतं, ऑफिसमध्ये सांगावं का, काहीही विचारा. जमेल तसं नक्की उत्तर देईन.